कबऱ्या पानांचं जिरेनियम, आणि ते कबरं कसं ठेवावं

‘आणलं तेव्हा पानांवर लोण्याच्या रंगाचे शिंतोडे होते, तिसऱ्या वर्षी पाहतो तर सगळं झाड साधं हिरवं!’ इंग्लंडात बागकाम करणाऱ्या मराठी मंडळींकडून ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. माझ्या स्वतःच्या वाफ्यातही हेच झालं होतं. यात झाड आजारी नसतं आणि नर्सरीनं फसवलेलंही नसतं. कबरं पान हा त्या झाडाचा कायमचा स्वभाव नाही. तो नमुना दर वसंतात माळ्यानं निवडून ठेवावा लागतो, न निवडल्यास हिरवा भाग जिंकतो. लावणी, पाणी, छाटणी ही कामं सोपी आहेत. खरं काम नजरेचं आहे, म्हणून या लेखात त्यावरच जास्त लिहिलं आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. महाराष्ट्रात अलीकडे ‘जिरेनियमची शेती’ म्हणतात ती सुगंधी तेलासाठीची. कुंडीत लाल-गुलाबी गुच्छ येणारं, घराच्या कठड्यावर शोभणारं ‘जिरेनियम’ही त्याच कुळातलं. त्या दोन्हींचं शास्त्रीय नाव पेलार्गोनियम. त्यांचं मूळ घर मुख्यतः दक्षिण आफ्रिका, आणि कडक गोठण त्यांना सोसत नाही. लिनियसनं 1753 साली ही सगळी झाडं जिरेनियम या एकाच नावाखाली ठेवली होती. 1789 साली लेरितिए या फ्रेंच अभ्यासकानं पेलार्गोनियम वेगळं काढलं, पण लोकांच्या तोंडचं जुनं नाव काही सुटलं नाही. या लेखातलं जिरेनियम हे खरं, कणखर, बहुवर्षायू जिरेनियम आहे. हिवाळ्यात त्याचा वरचा भाग बहुधा वाळून जातो, मूळ मातीत झोपतं आणि वसंतात पुन्हा फुटतं. इथे सांगितलेल्या जाती उणे 20 अंशांपर्यंतची थंडी सोसतात. जिरेनियम हे नाव क्रौंच पक्ष्याच्या ग्रीक नावावरून आलं. फूल गळलं की जी लांब टोकदार बोंडी राहते ती बघा, चोचच वाटते.

आपल्याकडे ही झाडं नाहीत असं नाही. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचा ट्रेक केलेल्यांनी पांढरट मध्याची, जांभळट पाच पाकळ्यांची फुलं पाहिली असतील. ते वॉलिचियानम जिरेनियम. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिक यांच्या नावावरून त्याचं नाव पडलं. पण पुण्या-नागपूरच्या बागेत ही झाडं लावण्याचा खटाटोप करू नका. त्यांना हिवाळ्याची खरी झोप लागते आणि आपला एप्रिल-मे त्यांना सोसत नाही. ब्रिटन, आयर्लंड, नेदरलँड्स, जर्मनी किंवा उत्तर अमेरिकेच्या थंड भागात तुमची बाग असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. माझी बाग लंडनच्या वायव्येला आहे. माती चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि हिवाळ्यात बुटाला चिकटून घरात येणारी.

पान कबरं होतं म्हणजे काय

हे समजलं की पुढची निम्मी कामं आपोआप कळतात, म्हणून जरा थांबून सांगते.

कोंबाच्या टोकाला पेशींचे थर एकावर एक असतात. त्यातल्या एखाद्या थरात बदल होऊन हरितद्रव्य बनणं बंद पडलं, की त्या थरापासून तयार होणारा पानाचा भाग पांढरा किंवा पिवळसर राहतो. शेजारचा थर हिरवाच असतो. एकाच कोंबात दोन वेगळ्या घडणीच्या पेशी नांदत असतात. कांद्याच्या दोन पापुद्र्यांचा रंग वेगळा असावा, तसं. जर्मन शास्त्रज्ञ एर्विन बाऊर यानं 1909 साली हे कोडं उलगडलं ते पांढऱ्या काठाच्या पानांच्या पेलार्गोनियमवर. त्याच वर्षी कार्ल कोरेन्सनं दाखवलं की कबऱ्या गुलबक्षीत पुढच्या रोपाचा रंग बी कोणत्या फांदीवर धरलं यावर ठरतो, परागकण कुठून आला यावर नाही. पांढऱ्या फांदीच्या बियांची रोपं पांढरी निघून मरत, हिरवीची हिरवी निघत आणि कबऱ्या फांदीवरच्या बियांतून तिन्ही प्रकार येत. आपल्या अंगणातली संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी आनुवंशिकतेच्या इतिहासात अशी जाऊन बसली आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्या कामाच्या गोष्टी यातून तीन निघतात. एक, असा थरांचा नमुना बियांतून जसाच्या तसा उतरत नाही. दोन, मुळाच्या तुकड्यातून नव्यानं फुटलेला कोंब आतल्या थरापासून येतो, त्यामुळे तो सहसा एकरंगी निघतो. तीन, पांढऱ्या भागाला स्वतःचं अन्न करता येत नाही, म्हणून हिरवा फुटवा कबऱ्यापेक्षा नेहमी जोरात वाढतो.

पानावरचे तपकिरी-जांभळे डाग मात्र वेगळे. तिथे हिरवा रंग असतोच, त्यावर दुसरं रंगद्रव्य चढलेलं असतं. हे डाग टिकाऊ असतात आणि बियांतूनही बऱ्याच अंशी पुढे जातात. निवड करताना हा फरक लक्षात ठेवा.

कोणतं घ्यावं

पहिल्यांदाच लावणार असाल तर मॅक्रोरायझम या जातीतलं कबरं ‘व्हेरिगाटम’ घ्या. राखाडी-हिरव्या पानावर वेडेवाकडे साईच्या रंगाचे पट्टे येतात आणि मे-जूनमध्ये गुलाबी-किरमिजी फुलं. पान चुरडलं की उग्र, राळेसारखा वास येतो. याची मूळ जात दक्षिण युरोपच्या डोंगरांतली. बल्गेरियात तिला ‘झ्द्रावेत्स’ म्हणतात, ‘आरोग्य’ या अर्थाच्या शब्दावरून. साधी हिरवी मॅक्रोरायझम कोरड्या सावलीतही भराभर पसरते. कबरी बहीण सावकाश चालते, तिला तीन वर्षं द्या. उंची 30 सेंटीमीटरच्या आसपास.

फेउम ‘व्हेरिगाटम’ माझं लाडकं. उंच सडपातळ दांडे, जवळजवळ काळी वाटणारी किरमिजी फुलं, आणि पानावर पिवळट-पांढरे शिंतोडे, त्यातच मधेमधे कुंकवाच्या बोटासारखा लाल ठिपका. मे महिन्यात भुंगे त्यावर सकाळपासून लगडलेले असतात. सावलीत सुखानं राहतं, फुलांसकट 60 ते 75 सेंटीमीटर होतं. पण हिरवं पडण्याची खोड यालाच सर्वांत जास्त. त्याच जातीतलं ‘मार्गारेट विल्सन’ पांढऱ्या जाळीदार पानांचं आणि फिक्या जांभळ्या फुलांचं. एप्रिलमध्ये त्याच्यासारखं देखणं दुसरं काही नसतं, पण अंग नाजूक, उन्हात करपतं. दोन-तीन झाडं सांभाळण्याचा सराव झाल्यावरच ते आणा.

ऑक्सोनियानम ‘स्प्रिंग फ्लिंग’ हे ज्यांना बदल आवडतो त्यांच्यासाठी. कोवळी पानं पिवळट, कडेला गुलाबी झाक. जून सरेपर्यंत ती बरीचशी हिरवी होतात. हा दोष नाही, त्याची रीतच ती. छाटल्यावर नवी पानं पुन्हा रंगीत येतात.

आणि ज्यांना सततची राखण नको, त्यांनी तपकिरी डागांकडे वळावं. क्रोएशियातल्या सामोबोर गावाजवळून आलेलं फेउम ‘सामोबोर’ घ्या, किंवा चॉकलेटी डागांचं ‘वॉल्टर्स गिफ्ट’. मनावर ओझं नाही.

विकत घ्यायला एप्रिल उत्तम, कारण तेव्हा पानांचा नमुना डोळ्यांनी पाहून निवडता येतो. फोटोवर जाऊ नका. कुंडीत हात घालून पानं बाजूला करा आणि बुडाशी पाहा. एकही निव्वळ हिरवा फुटवा असेल तर ती कुंडी ठेवून द्या. फार पांढरं झाडही नको. निम्म्याहून जास्त पान हिरवं असलेलं रोप जगतं आणि पसरतं. मग कुंडी हळूच उलटी करून मुळं बघा. मातीत वाकड्या अंगाच्या, दुधी रंगाच्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या तर ते रोप घरी आणू नका.

जागा आणि माती

सकाळचं ऊन, दुपारी सावली. पूर्वेकडचा वाफा किंवा पानझडी झाडाखालची झिरझिर सावली सर्वांत चांगली. दुपारच्या उन्हात पांढरे भाग कडेनं तपकिरी होऊन कागदासारखे वाळतात. उलट अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळा रंग मळकट दिसतो आणि दांडे लांबडे होऊन लोळतात. कुठे लावावं हे ठरत नसेल, तर रोप कुंडीसकट त्या जागी आठ-दहा दिवस ठेवून पाहा. मी अजूनही असंच करते.

मातीचे फार चोचले नाहीत. आम्लधर्मी-विम्लधर्मी दोन्ही चालते. पाणी तुंबून राहिलेलं मात्र चालत नाही, विशेषतः हिवाळ्यात. माझ्यासारखी चिकणमाती असेल तर वाफ्याच्या वरच्या वीतभर थरात पाचोळ्याचं कुजलेलं खत किंवा घरचं कंपोस्ट मिसळा. नुसत्या खड्ड्यात भुसभुशीत खत भरू नका, पावसाळी दिवसांत तो खड्डा हौदासारखा पाणी धरून बसतो. ओल्या चिकणमातीवर पाय देऊन काम करणंही टाळा. मूठभर माती दाबून पाहा. गोळा बोटानं टिचकताच फुटला तर खणायला हरकत नाही, गुळाच्या ढेपेसारखा राहिला तर दोन दिवस थांबा.

लावणी

सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल. चिकण, थंड मातीत मी मार्चअखेर पसंत करते; हलकी माती असेल तर शरदात लावा, वसंतापर्यंत मुळं बसतात.

कुंडीतलं रोप अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. खड्डा कुंडीच्या दुप्पट रुंद, खोली तेवढीच. मुळं गोल फिरून गच्च झाली असतील तर बोटांनी सोडवा. एखादं तुटलं तरी बिघडत नाही. ज्या जागेतून कोंब निघतात तो भाग मातीच्या पातळीवर राहू द्या. मॅक्रोरायझमचा अपवाद आहे. त्याचं जाड, आल्यासारखं आडवं खोड कुंडीत बरेचदा उघडं पडून लोंबत असतं. ते थेट पानांच्या बुडापर्यंत मातीत पुरलं तरी चालतं, उलट त्यालाच नवी मुळं फुटतात. दोन रोपांत 40 ते 45 सेंटीमीटर अंतर ठेवा. तळहातानं माती दाबा, भोवती छोटं आळं करा आणि ओतून पाणी द्या. वर 5 सेंटीमीटर पाचोळ्याचं आच्छादन घाला, पण कोंबांच्या अंगाला ते टेकू देऊ नका.

पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. रोज थोडं शिंपडून मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून मोठा दुष्काळ सोडला तर पाण्याची आठवणही ठेवावी लागत नाही.

राखण

आता मुख्य गोष्ट. माझं पहिलं फेउम तिसऱ्या वर्षी हिरवं झालं तेव्हा मी ते खणून काढलं आणि मुळं धुऊन पाहिली. हिरवे दांडे जुन्या ठोंबातून आलेच नव्हते. ती वेगळी रोपं होती, त्यांची स्वतःची मुळं होती, आणि ती ठोंबाच्या मधोमध रुजली होती. आधीच्या वर्षीची बोंडं मी तशीच राहू दिली होती. या झाडाची बोंडं वाळली की ताणलेल्या स्प्रिंगसारखी उसळतात आणि बी दूर भिरकावतात. काही बिया तिथेच आईच्या पायाशी पडतात. ती रोपं हिरवी, जोमदार. दोन वर्षांत त्यांनी कबऱ्या ठोंबाला झाकून टाकलं. बाजूला दबून एक बोटाएवढा कबरा फुटवा जिवंत होता. आजचं माझं सगळं फेउम त्या एका फुटव्याचं आहे.

तेव्हापासून पहिलं काम हे: पाकळ्या गळायला लागल्या की फुलांचे दांडे बुडापासून कापायचे. बोंड तपकिरी होण्याची वाट पाहायची नाही. मे-जूनमध्ये दर आठवड्याला एक फेरी पुरते.

दुसरं काम एप्रिलमध्ये. पानं तळहाताएवढी झाली की उकिडवं बसून प्रत्येक ठोंब पाहायचा. निव्वळ हिरवा फुटवा दिसला तर तो वरून कापू नका, बुडाचा डोळा राहिला की दुप्पट जोरानं येतो. माती बाजूला करून तो जिथे जाड खोडाला जोडला आहे तिथपर्यंत जा, बोटानं खाली दाबून तोडून काढा किंवा चाकूनं त्या तुकड्यासकट कापा. बाजूला स्वतंत्र मुळाचं रोप निघालं तर ते मुळासकट उपटा. ही फेरी जूनमध्ये एकदा आणि छाटणीनंतर नवी पानं आल्यावर एकदा, अशी वर्षात तीनदा करते. ‘स्प्रिंग फ्लिंग’च्या बाबतीत जूननंतर हिरवं दिसलं म्हणून काही उपटू नका. त्याचा निवाडा एप्रिललाच करायचा.

पूर्ण पांढरा फुटवाही येतो कधीकधी. फार सुंदर दिसतो आणि हात धजत नाही. एखादा असेल तर राहू द्या, बाकीचं झाड त्याला पोसतं. पण तीन-चार झाले की काढा, नाहीतर ठोंबाची ताकद आटते.

याच कारणानं खत हात राखून द्या. हिरवळीला घालतात तसलं नत्रयुक्त खत इथे नको. त्यानं जोर चढतो तो आधी हिरव्या भागाला. वसंतात एक थर कंपोस्ट, बस्स.

छाटणी

पहिला बहर संपला, म्हणजे साधारण जूनअखेर, की फेउम आणि ऑक्सोनियानम जमिनीपासून 5 सेंटीमीटरवर सगळंच्या सगळं कापून टाका. पहिल्यांदा भीती वाटते. भरपूर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत ताजी, स्वच्छ, वसंतासारखी रंगलेली पानं येतात आणि ती शरदापर्यंत टिकतात. कबऱ्या जातींत फुलांपेक्षा ही दुसऱ्या फेरीची पानंच मला मोलाची वाटतात. मॅक्रोरायझमला असं कापू नका, फक्त सुकलेली फुलं काढा. त्याची बरीच पानं हिवाळाभर राहतात आणि थंडीत त्यांना लालसर रंग चढतो.

ठोंब फोडून रोपं करणं

बी पेरून कबरं झाड मिळणार नाही आणि मुळांचे तुकडे लावूनही नाही, हे वर आलंच. खात्रीची वाट एकच, डोळा असलेला कबरा फुटवा मुळासकट वेगळा करणं. दर तीन-चार वर्षांनी, ठोंब मधून विरळ झाला की मार्चमध्ये करा. कोंब नुकते वर आलेले असतात आणि कुठला कबरा ते कळतं.

फोर्कनं ठोंब सगळीकडून सैल करून उचला. माती झाडा, नाहीच निघाली तर बादलीत धुवा. हळदीच्या गड्ड्याला जशा कुड्या लागतात तसे जाड तुकडे दिसतील. प्रत्येक भागाला दोन-तीन कोंब आणि चांगली मुळं येतील असं हातानं किंवा धारदार चाकूनं फोडा. मधला म्हातारा, लाकडासारखा भाग टाकून द्या. हिरव्या कोंबांचे तुकडे वेगळे काढा आणि हवे असतील तर दूर दुसऱ्या वाफ्यात लावा, चांगली झाडंच आहेत ती. कबरे तुकडे लगेच लावा. लहान असतील तर एक हंगाम 9 सेंटीमीटरच्या कुंडीत सावलीला वाढवा. जुन्या जागेच्या मातीत तुटलेली मुळं राहतात आणि त्यांतून पुढे हिरवे कोंब येऊ शकतात, म्हणून नवी लावणी शक्यतो जागा बदलून करा. मॅक्रोरायझमचं आणखी सोपं आहे. पानांचा झुबका असलेलं वीतभर खोड मोडून घ्यायचं आणि गळ्यापर्यंत मातीत खोचायचं.

रोग आणि किडी

गोगलगायी होस्टाची चाळण करतात, जिरेनियमला सहसा सोडून देतात. पानांना बारीक गोल भोकं पडली तर ती सॉफ्लाय नावाच्या माशीच्या अळीची, झाडाला त्यानं मोठा धोका नाही. पानं फार खराब झाली तर छाटणी करा. कोरड्या उन्हाळ्यात भुरी येते. त्यावरही छाटणी आणि बुडाशी पाणी हाच उपाय. औषध मारायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

भिण्यासारखा एकच, व्हाइन वीव्हिल. भुंगेरा रात्री पानांची कड कातरतो, पण खरं नुकसान त्याच्या अळ्या मुळं खाऊन करतात, आणि सर्वांत जास्त कुंडीत. झाड अचानक मान टाकतं आणि हात लावला तर मुळाविना वर येतं. कुंडीत लावणार असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाण्यातून देण्याचे उपयोगी सूत्रकृमी मिळतात, ते द्या. जमिनीतल्या झाडांना मी देत नाही.

एक नीट ओळखा. पांढऱ्या भागाची कडच तपकिरी झाली असेल तर ती उन्हाची करपट. डाग हिरव्या-पांढऱ्या दोन्हींवर पडले असतील आणि पानाच्या पाठीवर पावडर किंवा बुरशी दिसत असेल तर रोग. अशी पानं कंपोस्टात टाकू नका.

शेजारी

कबऱ्या पानांशेजारी दुसरं कबरं पान लावू नका, दोन्हींची शोभा जाते. गडद, साधं, मोठं पान हवं. नेचे, हेलेबोर, निळ्या फुलांचं साधं ब्रुनेरा. ठोंबांच्या मधल्या जागेत स्नोड्रॉपचे कंद पुरा. ते जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात आणि जिरेनियम जागं होईपर्यंत आवरतं घेतात.

नोव्हेंबरमध्ये पानं वाळल्यावर प्रत्येक ठोंबाशेजारी एक काठी खोचून ठेवा आणि जातीचं नाव पेन्सिलनं लिहा. शाई पावसात जाते, पेन्सिल राहते. ज्या ठोंबातून त्या वर्षी हिरवा फुटवा काढला असेल त्याच्या काठीला मी लाल दोरा बांधते. फेब्रुवारीअखेर वाळकी पानं हातानं अलगद ओढून काढायची, तेव्हा खाली कोंब आलेले असतात. एप्रिलच्या फेरीत पहिल्यांदा लाल दोऱ्यांपाशी बसायचं.